१७ सप्टेंबरचे दुसरे नाव : असईच्या जखमींपासून रुग्णालयाच्या नोंदवहीपर्यंत

#इतिहासधागा

१/
१७ सप्टेंबर ही तारीख मराठवाड्यातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि हैदराबाद संस्थानातील जनतेचा मुक्तिसंग्राम यशस्वी झाला. जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथे आजही त्या सकाळी ध्वज फडकतो, हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. २०१९ पासून हीच तारीख जगभर आणखी एका नावाने पाळली जाते : जागतिक रुग्णसुरक्षा दिन. ती ठरवताना कोणाच्या मनात मराठवाडा असण्याचे कारण नव्हते. हा केवळ योगायोग आहे. पण विचार करायला लावणारा योगायोग आहे.

२/
मुक्तिसंग्रामाने राज्यकर्ता बदलला आणि त्याबरोबर प्रजेला नागरिक केले. प्रजा विनवणी करते किंवा बंड करते. नागरिक हिशेब मागतो. कचेरीत, ग्रामसभेत, निवडणुकीत मराठवाड्याच्या माणसाने हा बदल कमीअधिक अंगी बाणवला. रुग्णालयाच्या दारात मात्र तो अजून प्रजाच आहे. जीव वाचला तर तो डॉक्टरांपुढे देव म्हणून हात जोडतो. जीव गेला तर कधी त्यांच्यावर हात उचलतो. नागरिकाची कृती या दोहोंहून निराळी आहे. काय घडले, किती वेळा घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केले, हे विचारणे ही ती कृती.

३/
रुग्णसुरक्षा म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट व्हावे. आजाराने होणारे नुकसान वेगळे आणि उपचाराच्या वाटेवर होणारे नुकसान वेगळे. चुकीचे इंजेक्शन, दुप्पट मात्रा, न धुतलेले हात, एका रुग्णाचे रक्त दुसऱ्याला चढणे, वीज जाताच बंद पडणारे यंत्र, रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एकच सिस्टर : हे सारे दुसऱ्या प्रकारात मोडते. या धाग्याचे म्हणणे असे की, असे नुकसान कमी होण्याचा खात्रीचा आरंभ एकच आहे. प्रत्येक मृत्यू आणि प्रत्येक चूक नोंदली जाणे, मोजली जाणे आणि उघडपणे तपासली जाणे. इतिहासाची साक्ष याच बाजूने आहे, आणि त्यातील पहिली साक्ष जालना जिल्ह्याच्याच मातीत आहे.

४/
भोकरदन तालुक्यातील असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात आर्थर वेलस्लीचे सैन्य आणि शिंदे-भोसले यांचे संयुक्त सैन्य समोरासमोर आले. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी, त्यांच्या तोफा, वेलस्लीने अचानक घेतलेला हल्ल्याचा निर्णय, पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या सेनापतीच्या मनात असईला असलेले स्थान : या सगळ्यावर भरपूर लिहिले गेले आहे. लढाईनंतरच्या संध्याकाळविषयी मात्र फार थोडे बोलले जाते.

५/
कंपनीच्या बाजूची नोंद अशी : ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. एकूण १,५८४. एवढे जखमी एका दिवसात पदरी पडल्यावर त्यांच्याकडे पाहण्यास पुरेसे शल्यचिकित्सक नव्हते. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचली. त्याला शत्रूचा पाठलाग करायचा होता, पण आपले बहुतेक शल्यचिकित्सक जखमींसाठी मागे ठेवून त्याला २६ तारखेपर्यंत थांबावे लागले. तरीही कित्येक जखमी पुढचे अनेक दिवस उपचाराविना पडून राहिले. जिंकलेल्या सैन्याची ही स्थिती होती.

६/
जखमींना हलवायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. दौलताबादचा किल्ला भक्कम होता, आणि निजाम हा कंपनीचा मित्र. पण निजामाच्या किल्लेदाराने जखमींना आत घेण्यास नकार दिला. अखेर असईच्या उत्तरेला अजिंठा गावी रुग्णालय उभारावे लागले. खाट मिळेल या भरवशावर निघायचे आणि दारातून परत फिरायचे, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. त्याचा एक लिखित दाखला सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

७/
आता मराठ्यांच्या बाजूची नोंद पाहावी. रणांगणावर सुमारे १,२०० प्रेते राहिली आणि जखमी मुलखभर विखुरले, एवढे विजेत्यांच्या पत्रव्यवहारातून कळते. ठार आणि जखमी मिळून सुमारे ६,००० हा आकडा केवळ अंदाज आहे. एका बाजूला ४२८ आणि १,१३८ असे नेमके आकडे, दुसऱ्या बाजूला गोलाकार शून्ये. एका बाजूचे जखमी अजिंठ्याच्या रुग्णालयात गेले, हे ठाऊक आहे. दुसऱ्या बाजूचे कोणत्या गावात, कोणाच्या ओसरीवर, कोणत्या वैदूच्या हाताखाली जगले किंवा मेले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

८/
येथे शौर्याची तुलना करण्याचे कारण नाही. मुद्दा नोंदीचा आहे. ज्याची गणना झाली त्याच्यासाठी रुग्णालय शोधले गेले, शल्यचिकित्सक थांबवले गेले, किल्लेदाराच्या नकाराविषयी तक्रारीची पत्रे लिहिली गेली. ज्याची गणना झाली नाही त्याच्या वेदनेसाठी कोणालाही कोणाकडे तक्रार करता आली नाही. सेवा आधी आणि हिशेब नंतर, असे सहसा मानले जाते. असईत हे दोन्ही एकाच वहीत होते. वही नव्हती तेथे सेवेचाही मागमूस उरला नाही.

९/
सैन्याच्या वहीतून रुग्णालयाच्या वहीकडे हा विचार नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे. त्यांची हातात दिवा घेतलेली प्रतिमा सर्वांना परिचित आहे. त्यांच्या हातातील कोष्टके मात्र तितकी परिचित नाहीत. क्रिमियाच्या युद्धात गोळीपेक्षा रुग्णालयातील रोगांनी अधिक सैनिक मारले, हे त्यांनी आकडे आणि आलेख मांडून दाखवले. १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नोंदपत्रकाची योजना ठेवली. किती आले, कोणत्या आजाराने आले, किती बरे झाले, किती गेले, हे सर्वांनी एकाच रीतीने लिहावे, ही त्यांची मागणी होती.

१०/
नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत. तरी भारतातील सैन्याच्या आरोग्याविषयी १८५९ साली नेमलेल्या शाही आयोगामागे त्यांचेच परिश्रम होते. छावण्याछावण्यांतून प्रश्नावल्या भरून मागवल्या गेल्या. १८६३ च्या अहवालाने सांगितले की, भारतातील गोऱ्या सैनिकांत वार्षिक मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ आहे, आणि त्याचे मुख्य कारण युद्ध नसून घाण पाणी, गटारे आणि कोंदट बराकी हे आहे. जालन्याजवळही त्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आकडा छापला गेला आणि पुढच्या दशकात छावण्यांतील मृत्यू झपाट्याने उतरले.

११/
येथेही असईचीच रेघ दिसते. आयोगाने मुख्यतः गोरा सैनिक मोजला. छावणीच्या भिंतीबाहेरची वस्ती त्याच नदीचे पाणी पीत होती; तिची तशी मोजणी झाली नाही आणि तिच्या वाट्याला तशी गटारेही आली नाहीत. कोणाचा मृत्यू मोजायचा हा निर्णय वरवर कारकुनी वाटतो. वस्तुतः तो राजकीय निर्णय असतो, आणि म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष द्यावे.

१२/
पुढचा प्रसंग हैदराबादचा. अर्थात ज्या राज्यात तेव्हा जालना होते त्या राज्याच्या राजधानीचा. १८४७ पासून शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म वापरात आले. वेदना थांबली, पण नवे भय आले. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. नखासाठी जीव गेला. तेव्हापासून वैद्यकविश्वात वाद पेटला : क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवते की हृदय? भूल देणाऱ्याने छातीकडे पाहावे की नाडीवर बोट ठेवावे?

१३/
हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत ठाम होते : श्वास पाहा, नाडी विसरा. १८८८ साली त्यांनी पहिला हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसवला. लंडनच्या ‘द लॅन्सेट’ने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराने १,००० पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमचाच माणूस पाठवा आणि तपासा. १८८९ साली लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि दुसऱ्या आयोगानेही लॉरींचीच बाजू उचलून धरली.

१४/
या दुसऱ्या आयोगाच्या कामात एक तरुण पारशी स्त्री सहभागी होती : डॉ. रूपाबाई फर्दुनजी. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळालेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. पुढे त्यांनी भूल देण्याचे काम हाच आपला व्यवसाय केला. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. रुग्णसुरक्षेच्या इतिहासात हे नाव केवळ अभिमानापुरते महत्त्वाचे नाही. भूल देणे हे कोणीही हाताशी असलेल्याने उरकायचे काम नसून स्वतंत्र प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीची जबाबदारी आहे, ही आज सर्वमान्य असलेली गोष्ट अशा कारकिर्दींतून घडत गेली.

१५/
आणि तरीही आयोगाचा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते. मग हैदराबादचा खटाटोप वाया गेला का? तसे नाही. आयोगाने प्रयोग नोंदले, छापले, टीकाकाराला स्वखर्चाने बोलावले. म्हणूनच पुढच्या पिढीला त्यातील चूक शोधता आली. लिहिलेली चूक दुरुस्त करता येते. न लिहिलेली चूक परंपरा बनून राहते. एका सरंजामी दरबाराने १३० हून अधिक वर्षांपूर्वी दाखवलेली ही तयारी लोकशाहीतील रुग्णालयांना जड का जावी?

१६/
स्वतंत्र महाराष्ट्रातील सर्वांत कडू धडा मुंबईचा आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सर जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना उपचाराचा भाग म्हणून ग्लिसरॉल देण्यात आले होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होत गेली. रुग्ण ज्या आजारासाठी आले होते त्याने ते मेले नाहीत. रुग्णालयाने दिलेल्या औषधाने मेले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. लेंटिन यांचा आयोग नेमला गेला.

१७/
लेंटिन आयोगाचे वेगळेपण असे की, तो एका बाटलीपाशी थांबला नाही. बाटली कोणी पुरवली, तो पुरवठादार यादीत कसा आला, माल तपासला का गेला नाही, औषध प्रशासनाने परवाने कसे दिले, मंत्रालयातून कोणाचा दबाव आला : साखळीचा एकेक दुवा त्याने उलगडला. १९८८ साली अहवाल लोकांसमोर आला तेव्हा आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. एका चुकीच्या औषधामागे किती दारे उघडी राहिलेली असतात, हे समजून घेण्यासाठी हा अहवाल आजही इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचावा.

१८/
पण अहवाल वाचला जाणे आणि अंगी मुरणे यांत अंतर आहे. याच द्रव्याने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते, आणि त्यातून १९३८ चा कडक औषध कायदा आला. जे. जे. नंतरही ते परत आले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधातील याच विषाने २० हून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. १९८६ चा धडा ३९ वर्षांनी पुन्हा बालकांच्या जिवावर शिकावा लागला. विस्मरण हाही रुग्णालयाचा एक आजार आहे.

१९/
मराठवाड्यातील अलीकडचा प्रसंग अनेकांच्या आठवणीत असेल. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. ४८ तासांत हा आकडा ३१ वर गेला. औषधांचा तुटवडा, अपुरे मनुष्यबळ, बाहेरून शेवटच्या घटकेला पाठवलेले अत्यवस्थ रुग्ण अशी कारणे पुढे आली. काही नाकारलीही गेली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

२०/
त्या दिवसांतले एक दृश्य मात्र आकड्यांपेक्षा जास्त गाजले. रुग्णालयात आलेल्या एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. चित्रफीत सर्वत्र फिरली. अनेकांना न्याय झाल्यासारखे वाटले. पण त्या झाडूने काय स्वच्छ झाले? नवजात शिशू कक्षात त्या रात्री किती सिस्टर होत्या, किती वॉर्मर चालू होते, कोणते बाळ कोठून व किती उशिरा आले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले नाही. ही दरबारी न्यायाची रीत होती : समोर दिसेल त्याला शिक्षा आणि वहीला हात नाही.

२१/
शिक्षेची भीती असेल तेथे चूक लपते, हा साधा मानवी नियम आहे. चुकीचे इंजेक्शन भरले गेले आणि टोचण्याआधी लक्षात आले, तर ती सिस्टर ते कोणाला सांगेल? सांगितल्यास मेमो मिळणार असेल तर कधीच सांगणार नाही. मग पुढच्या आठवड्यात दुसरी सिस्टर त्याच सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांत फसेल, आणि या वेळी कदाचित लक्षात येणार नाही. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी याच्या उलट वाट धरली. १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या रुग्णालयातून बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांपैकी १२३ प्रसंगी चुका झाल्याचे त्यांनी स्वतः छापून जाहीर केले. सहकाऱ्यांनी त्यांना वेडे ठरवले; आज गुणवत्ता-तपासणीचा इतिहास त्यांच्यापासून सांगितला जातो.

२२/
याचा अर्थ कोणालाच जबाबदार धरू नये असा नाही. भेसळ करणारा, लाच घेणारा, कामावर न येणारा यांची जागा न्यायालयात आहे. लेंटिन आयोगाने तेच दाखवले. पण थकलेल्या हाताची चूक आणि लोभी हाताचा गुन्हा यांत फरक करता आला पाहिजे. आणि तो फरक करण्यासाठीही नोंदच लागते. नोंद नसेल तर दोघेही एकाच झाडूने झोडले जातात. बहुधा लोभी माणूस त्यातूनही निसटतो.

२३/
एक आक्षेप गंभीर आहे. मृत्यूचे आकडे जाहीर केले तर मोठी सरकारी रुग्णालये नाहक बदनाम होतील, कारण कोणीही न घेतलेला रुग्ण शेवटी त्यांच्याकडेच येतो. आक्षेप जुना आहे. १८६३ साली नाइटिंगेल यांनी लंडनच्या २४ रुग्णालयांचे मृत्युप्रमाण सुमारे ९१ टक्के असल्याचे कोष्टक छापले, तेव्हा गदारोळ झाला. वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. पद्धतच सदोष होती. टीकाकार बरोबर होते. पण उपाय मोजणे सोडून देणे हा नव्हता. नीट मोजणे हा होता : किती दाखल झाले, कोणत्या अवस्थेत आले, कोठून पाठवले गेले.

२४/
नीट मोजल्याने जीव वाचतात याचा पुरावा आता हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक पडताळणी यादी केली. रुग्ण तोच आहे ना, जागा तीच आहे ना, ॲलर्जी विचारली का, स्पंज मोजून परत आले का, असे साधे प्रश्न. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही; मोठ्याने विचारलेले आणि कागदावर टिकमार्क केलेले प्रश्न.

२५/
आता जालना. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा स्वतंत्र झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांहून अधिक होती. जाफ्राबाद, मंठा, घनसावंगी येथील गंभीर रुग्णाचा नातेवाईक आजही एकच शब्द ऐकतो : ‘रेफर’. आणि एकच ठिकाण : ‘घाटी’, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, जालना शहरापासून सुमारे ६० किलोमीटर. १०८ ची रुग्णवाहिका बदनापूर ओलांडते तेव्हा आतला रुग्ण कोणाचा असतो? पाठवणाऱ्याच्या वहीत तो ‘रेफर’ म्हणून संपतो. वाटेत प्राण गेला तर घाटीच्या वहीत तो ‘मृतावस्थेत आणले’ या शब्दांनी सुरू होतो आणि तेथेच संपतो. या दोन नोंदी कोणी जोडल्या नाहीत, तर उशीर नेमका कोठे झाला हे कधीच कळणार नाही. असईचे विखुरलेले जखमी यापेक्षा फार वेगळे नव्हते.

२६/
नियम नाहीत असे नाही. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके २०१३ पासून आहेत, स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ २०१५ पासून, प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ डिसेंबर २०१७ पासून. बालमृत्यू आणि मातामृत्यू यांच्या पुनरावलोकनाची कार्यपद्धतीही लिहिलेली आहे. उणीव आहे ती उजेडाची. हे सारे कागद बहुतांशी वरच्या कार्यालयाकडे जातात. ज्या गावाची सून प्रसूतीत गेली त्या गावाकडे परत येत नाहीत. हिशेब फक्त दरबाराला सादर होतो, तोवर तो दरबारीच राहतो.

२७/
संधी मात्र मोठी आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच वेळी ज्या १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालन्याचे महाविद्यालय आहे. नव्या संस्थेला जुन्या सवयी नसतात. तिने आरंभीच काही पायंडे पाडावेत. दर महिन्याला प्रत्येक मृत्यूवर चर्चा व्हावी आणि तीत सिस्टर, औषधनिर्माते, रुग्णवाहिकेचे चालकही बसावेत. टळलेली चूक सांगणाऱ्याला मेमो नव्हे, आभारपत्र मिळावे. पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले, याची नोंद पाठवणाऱ्या केंद्राला परत मिळावी. रुग्णांची नावे गुप्त ठेवून वर्षाचे आकडे, दाखल रुग्णांच्या अवस्थेसह, मराठीत जाहीर व्हावेत.

२८/
मोजून डॉक्टर वाढत नाहीत, रिकामी पदे भरत नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण रिकाम्या पदाची किंमत किती जिवांनी मोजली, हे मांडता आल्याशिवाय ते पद भरण्याची निकड कोणत्या सभागृहात सिद्ध होणार? तुटवड्याची तक्रार दरवर्षी होते आणि दरवर्षी विरते. तुटवड्याचा हिशेब तसा विरत नाही. हजारी ६९ हा आकडा छापला गेला म्हणून गटारे बांधली गेली. केवळ हळहळ व्यक्त झाली म्हणून नव्हे.

२९/
पुढच्या १७ सप्टेंबरला जालन्यात ध्वज फडकेल, मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांची नावे वाचली जातील. ती नावे वाचता येतात, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. सहा दिवसांनी असईच्या लढाईची तिथी येईल आणि तेथील हजारो अनाम जखमींसाठी वाचण्यासारखे काही नसेल. त्याच सकाळी, ध्वजारोहणानंतर, शासकीय रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर गेल्या वर्षाचा हिशेब लागला, किती आले, किती गेले, कोठे चुकले, काय बदलले, तर तो मुक्तिसंग्रामाचाच पुढचा टप्पा ठरेल. त्या फलकासमोर उभा राहून जो प्रश्न विचारेल, तो प्रजा नसेल.

#मराठवाडा_मुक्तिसंग्राम_दिन #रुग्णसुरक्षा #जालना